जपानी ‘उकेमि’ समजून घेताना: आधी कुणाची बाजू, मग रूप

जपानी शिकताना ‘ते’ रूप जमतं, ‘नाइ’ रूप जमतं आणि मग ‘उकेमि’ येतं. वर्गात सांगतात की हा आपला कर्मणी प्रयोग. रूपं पाठ होतात, परीक्षेत गाळलेल्या जागाही भरता येतात, पण बोलताना एक तर उकेमि तोंडात येत नाही, नाहीतर नको तिथे येतं. याचं कारण रूपांत नाही. क्रिया कुणाच्या बाजूने सांगायची हे ठरवायच्या आधीच आपण रूप बनवायला बसतो.

हा लेख जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन४ पातळीच्या आसपास असलेल्यांसाठी आहे. जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘ऽ’ या चिन्हाचा अर्थ आधीचा स्वर लांबवायचा. वा, गा, ओ, नि, दे, कारा हे शब्दयोगी प्रत्यय सुटे लिहिले आहेत.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- हिरागानाचा तक्ता, ज्यात ‘आ’ची आणि ‘उ’ची ओळ चटकन सापडेल.
- रोजच्या वापरातली तीसेक क्रियापदं, गटांसह: गोदान् (पहिला गट), इचिदान् (दुसरा गट) आणि दोनच अनियमित, सुरु आणि कुरु.
- क्रियापद सकर्मक (तादोऽशि) की अकर्मक (जिदोऽशि) हे दाखवणारा शब्दकोश. जपानी कोशांत ‘ता’ आणि ‘जि’ची कांजी नोंदीपाशीच छापलेली असते. पाचव्या पायरीला तिची गरज पडेल.
- ‘नाइ’ रूप, म्हणजे नकारार्थी रूप, पक्कं हवं. ते डळमळीत असेल तर आधी ते करा, कारण उकेमिची पहिली पायरी तीच आहे.

१. शाळेतला कर्मणी प्रयोग बाजूला ठेवा

मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोगाचं ठरलेलं उदाहरण ‘रामाने आंबा खाल्ला’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं म्हणून तो कर्मणी. जपानीत मात्र हे सरळ, साधं, कर्तरी वाक्य आहे: रामु गा मान्गोऽ ओ ताबेता. यात उकेमिचा संबंधच नाही. उकेमिशी थोडंफार नातं आहे ते ‘मारला गेला’, ‘नेमण्यात आलं’ अशा रचनांचं, आणि तेही अर्धंच.

दुसरी अडचण कानाची आहे. बोलताना आपण ‘आईनी’, ‘सरांनी’ म्हणतो आणि उकेमिमध्ये क्रिया करणाऱ्याला लागतो तो प्रत्ययही ‘नि’. त्यामुळे ‘आईनी डायरी वाचली’ याचं ‘हाहा नि निक्कि ओ योन्दा’ असं वाक्य सहज तयार होतं. ते चुकीचं आहे. योन्दा हे साधं रूप असेल तर वाचणाऱ्याला ‘गा’ लागतो: हाहा गा निक्कि ओ योन्दा. ‘नि’ ठेवायचा असेल तर क्रियापद बदलावं लागतं: हाहा नि निक्कि ओ योमारेता.

हाच ‘नि’ आपल्या ‘ला’चंही काम करतो, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

- तानाका-सान् नि इत्ता: (मी) तानाकांना सांगितलं.
- तानाका-सान् नि इवारेता: तानाकांनी (मला) सांगितलं.

प्रत्यय तोच आहे, दिशा उलटी आहे, आणि ती फक्त क्रियापदाच्या शेपटीवरून कळते. जपानी वाक्य शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ‘नि’चा अर्थ लावू नका.

२. रूप बनवा

गोदान् क्रियापदाचा शेवटचा ‘उ’कारी स्वर ‘आ’कारी करा आणि ‘रेरु’ जोडा.

- काकु (लिहिणे) → काकारेरु
- सावागु (गोंगाट करणे) → सावागारेरु
- ओसु (ढकलणे) → ओसारेरु
- मोत्सु (धरणे, बाळगणे) → मोतारेरु
- शिनु (मरणे) → शिनारेरु
- योबु (बोलावणे) → योबारेरु
- फुमु (पाय देणे) → फुमारेरु
- तोरु (घेणे, काढणे) → तोरारेरु
- इउ (म्हणणे) → इवारेरु

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. शेवटी नुसता ‘उ’ असेल तर ‘आ’ होत नाही, ‘वा’ होतो: काउ → कावारेरु, सासोउ → सासोवारेरु. आणि ‘त्सु’चा होतो ‘ता’. ‘मोत्सारेरु’ असं काही नसतं.

इचिदान् असेल तर ‘रु’ काढून ‘रारेरु’: होमेरु → होमेरारेरु, मिरु → मिरारेरु. सुरुचं सारेरु, कुरुचं कोरारेरु.

आता एक सोय, जी वर्गात क्वचितच सांगितली जाते. क्रियापद ‘रु’ने संपत असेल तर उकेमिपुरता गट ओळखायची गरजच नाही. ‘रु’ काढा, ‘रारेरु’ लावा, उत्तर बरोबर येतं. तोरु गोदान् आहे, त्याचं तोरारेरु. ताबेरु इचिदान् आहे, त्याचं ताबेरारेरु. कापणे या अर्थाचं किरु गोदान् आणि कपडे घालणे या अर्थाचं किरु इचिदान्, पण दोन्हींचं उकेमि किरारेरुच. शिकारु (रागावणे), केरु (लाथ मारणे) यांचा गट कधी आठवला नाही तरी अडत नाही. अपवाद फक्त सुरु आणि कुरु. ही सोय शक्यार्थी रूपाला मात्र लावू नका. तिथे तोरु → तोरेरु आणि ताबेरु → ताबेरारेरु असे रस्ते वेगळे होतात.

तयार झालेलं उकेमि रूप स्वतः इचिदान् क्रियापदासारखं चालतं. काकारेरु → काकारेमासु, काकारेनाइ, काकारेते, काकारेता. शेवटी ‘रु’ दिसला म्हणून ‘काकारेत्ते’, ‘काकारेत्ता’ करण्याची चूक फार सर्रास होते.

३. सरळ उकेमि: जिच्यावर क्रिया झाली तिला पुढे आणा

सेन्सेइ गा तानाका-सान् ओ होमेता. (सरांनी तानाकांचं कौतुक केलं.)
तानाका-सान् वा सेन्सेइ नि होमेरारेता.

कर्म पुढे आलं, ‘ओ’ गेला, करणाऱ्याला ‘नि’ लागला. मूळ वाक्यात ‘ओ’ आणि ‘नि’ दोन्ही असतील, म्हणजे कुणाला तरी काही तरी दिलं, सांगितलं किंवा विचारलं असेल, तर ‘नि’वाली व्यक्ती पुढे येते आणि ‘ओ’ जागचा हलत नाही:

- बुचोऽ गा वाताशि नि शिगोतो ओ तानोन्दा. → बुचोऽ नि शिगोतो ओ तानोमारेता. (साहेबांनी माझ्यावर काम सोपवलं.)
- शिरानाइ हितो नि मिचि ओ किकारेता. (एका अनोळखी माणसाने मला रस्ता विचारला.)

दोन्ही उकेमि वाक्यांत ‘वाताशि’ नाही. उकेमि वाक्यात कर्ता सांगितला नसेल तर तो बहुतेक वेळा बोलणाराच असतो. वाताशि वा, वाताशि वा असं प्रत्येक वाक्यात म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण ऐकणारा कंटाळतो.

आता मुख्य मुद्दा. मराठीत आपण सहज म्हणतो: ‘सरांनी बोलावलं, ते रागावले, मग मी घरी आलो.’ तीन क्रिया, पैकी दोन सरांच्या आणि एक माझी. जपानीत हे असं सांगितलं तर उडी मारत बोलल्यासारखं वाटतं. जपानी माणूस एकाच बाजूला उभा राहून सगळं सांगतो:

सेन्सेइ नि योबारेते, शिकारारेते, उचि ए काएत्ता.

तिन्ही क्रियापदांचा कर्ता ‘मी’, आणि तो एकदाही उच्चारलेला नाही. उकेमिचं खरं काम हे आहे. म्हणून वाक्य रचताना ‘कर्म कुठलं’ हा प्रश्न दुसरा, ‘मी कुणाच्या बाजूने बोलतोय’ हा पहिला. बाजू ठरवण्याचा क्रम साधारण असा: मी असेन तर मी, मी नसेन तर माझ्या घरचं, माझ्या कंपनीतलं माणूस, तेही नसेल तर ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो. अनोळखी माणूस सगळ्यात शेवटी. ‘दारेका गा वाताशि नो आशि ओ फुन्दा’ (कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला) हे वाक्य कानाला खटकतं ते यामुळेच. त्यात अनोळखी माणूस पुढे आणि ‘मी’ मागे, असा उलटा क्रम लागलाय.

४. वस्तू माझी, क्रिया वस्तूवर, कर्ता मात्र मीच

मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, कारण ही रचना आपल्याकडे नाही.

‘माझं पाकीट चोरीला गेलं’ यात आपण पाकिटाला कर्ता करतो. म्हणून जपानीत येतं: वाताशि नो साइफु गा नुसुमारेता. अर्थ कळतो, पण ते पाकिटाचं निवेदन होतं. स्वाभाविक वाक्य:

वाताशि वा देन्शा दे साइफु ओ नुसुमारेता.

कर्ता मी, साइफुला ‘ओ’ तसाच, आणि क्रियापद उकेमि. आपल्या व्याकरणाच्या सवयीने पाहिलं तर ‘उकेमि आहे तर ओ कसा?’ असं वाटतं आणि हात ‘गा’कडे वळतो. तो वळू देऊ नका. शरीराचे अवयव, वस्तू, घरची माणसं, आपलं नाव, आपलं काम, जे जे ‘माझं’ आहे त्याला हाच साचा:

- देन्शा दे आशि ओ फुमारेता. (गाडीत कुणीतरी पायावर पाय दिला.)
- ओतोऽतो नि केऽकि ओ ताबेरारेता. (धाकट्या भावाने माझा केक खाल्ला.)
- हाहा नि निक्कि ओ योमारेता. (आईने माझी डायरी वाचली.)
- नामाए ओ योबारेता. (माझं नाव पुकारलं.)

वाक्य बनवण्याची कृती सरळ आहे. मराठी वाक्यात ‘माझा, माझी, माझं’ शोधा. तो शब्द काढून टाका आणि त्याच्या जागी सुरुवातीला ‘वाताशि वा’ ठेवा, किंवा काहीच ठेवू नका. वस्तूला ‘ओ’ लावा, करणारा माहीत असेल तर त्याला ‘नि’ लावा आणि शेवटी उकेमि रूप घ्या.

‘साइफु गा नुसुमारेता’ कधीच म्हणत नाहीत असं नाही. काय चोरीला गेलं याची यादी करताना किंवा बातमीत ते येतं, कारण तिथे विषय वस्तू असते. मित्राला आपली व्यथा सांगताना मात्र ‘ओ’.

५. अकर्मक क्रियापदाचं उकेमि

पाऊस पडणे, मूल रडणे, माणूस येणे यांना कर्मच नाही. तरी जपानीत त्यांचं उकेमि होतं आणि त्याचा अर्थ जवळजवळ ठरलेला असतो: क्रिया दुसऱ्याची, त्रास माझा. व्याकरणात याला ‘मेइवाकु नो उकेमि’, म्हणजे उपद्रवाचं उकेमि म्हणतात.

- आमे नि फुरारेता. (पावसाने गाठलं.)
- आकाचान् नि नाकारेते, नेमुरेनाकात्ता. (बाळ रडत राहिलं, झोप लागली नाही.)
- इसोगाशिइ तोकि नि आरुबाइतो नि यासुमारेते, कोमात्ता. (ऐन गर्दीच्या वेळी अर्धवेळ कामगाराने सुट्टी घेतली आणि पंचाईत झाली.)
- माए नि से नो ताकाइ हितो नि सुवारारेते, एइगा गा योकु मिएनाकात्ता. (पुढे उंच माणूस येऊन बसला, सिनेमा नीट दिसला नाही.)

सकर्मक क्रियापदही याच अर्थाने येऊ शकतं: तोनारि नि ताकाइ बिरु ओ तातेरारेता. शेजारी उंच इमारत बांधली. इमारत माझी नाही, जमीन माझी नाही, पण माझं ऊन गेलं.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, त्रास नसताना हे रूप वापरणं. ‘काल मित्र घरी आला’ हे आनंदाने सांगायचं असेल तर तोमोदाचि गा किता, किंवा किते कुरेता. ‘तोमोदाचि नि कोरारेता’ म्हणालात तर मित्र नको त्या वेळी टपकला असा अर्थ होतो. पाहुण्यासमोर म्हणू नका.

दुसरं, शिनारेरु. ‘चिचि नि शिनारेता’ यात वडील गेल्याने मागे राहिलेल्याचे हाल झाले ही छटा येते. नुसती माहिती द्यायची असेल तर ‘चिचि वा नाकुनारिमाशिता’ हेच बरोबर.

तिसरं, कुठल्याही अकर्मक क्रियापदाला रारेरु जोडणं. आरु, देकिरु, वाकारु, इरु (लागणे, हवं असणे), मिएरु, किकोएरु यांचं उकेमि होत नाही. आपोआप घडणाऱ्या निर्जीव क्रियांचंही सहसा होत नाही: यंत्र बंद पडलं तर किकाइ गा कोवारेता इतकंच म्हणा. पाऊस हा या नियमातला ठळक अपवाद, आणि वारा दुसरा. गंमत म्हणजे ‘काझे नि फुकारेते’ (वाऱ्याची झुळूक अंगावर घेत) यात तक्रार अजिबात नाही.

६. कर्ता निर्जीव असेल तेव्हा

बातम्या, सूचना, अहवाल, इतिहास यांत उकेमि भरपूर असतं आणि त्यात कुणाला काही त्रास झालेला नसतो. ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आली’ ही मराठी वर्तमानपत्री रचना इथे अगदी चपखल बसते.

- काइगि वा तोऽक्योऽ दे हिराकारेता. (बैठक तोक्योत घेण्यात आली.)
- ओरिन्पिक्कु वा १९६४ नेन् नि तोऽक्योऽ दे ओकोनावारेता.
- शिन्-सेइहिन् गा हाप्प्योऽ सारेता. (नवं उत्पादन जाहीर करण्यात आलं.)

कुणी केलं हे महत्त्वाचं नसतं म्हणून करणाऱ्याचा ‘नि’ नसतोच. सांगायचं असेल तर प्रत्यय निवडावा लागतो.

निर्मितीची क्रियापदं, म्हणजे काकु, त्सुकुरु, तातेरु, हात्सुमेइ सुरु (शोध लावणे), हाक्केन् सुरु (शोधून काढणे), यांना नुसता ‘नि’ चालत नाही, ‘नि योत्ते’ लागतो: ओऽसाका-जोऽ वा तोयोतोमि हिदेयोशि नि योत्ते तातेरारेता. ओसाकाचा किल्ला हिदेयोशीने बांधला. कारण असं की या क्रियापदांसोबतचा ‘नि’ ‘कुणासाठी’ किंवा ‘कुठे’ असाही वाचला जातो, आणि ‘काकारेता’च्या आधी ‘नि’ आला की लिहिणारा कोण आणि ज्याला लिहिलं तो कोण हे कळेनासं होतं.

पदार्थ कशापासून केला हे सांगताना कच्चा माल ओळखू येत नसेल तर ‘कारा’, दिसत असेल तर ‘दे’: साके वा कोमे कारा त्सुकुरारेरु, पण कोनो तेरा वा कि दे त्सुकुरारेते इरु. वेढलेलं, झाकलेलं अशा स्थितीला साधा ‘नि’ पुरतो: निहोन् वा उमि नि काकोमारेते इरु. प्रेम, आदर, सूचना, निरोप एखाद्याकडून येतात तेव्हा ‘कारा’ही चालतो: मिन्ना कारा आइसारेते इरु.

स्थिती अजून चालू असेल तर ‘ते इरु’ विसरू नका. ‘हे जगभर वाचलं जातं’ म्हणजे सेकाइ-जूऽ दे योमारेते इरु. आणि ‘असं म्हणतात’ याला जपानीत ठरलेली शेपटी आहे: … तो इवारेते इरु. ती जशीच्या तशी पाठ करा, वाचताना पानोपानी भेटेल.

७. ‘रारेरु’ दिसलं म्हणजे उकेमिच असं नाही

एकाच शेपटीची चार कामं आहेत: उकेमि, शक्यता, आदर आणि आपोआप मनात येणं. जुन्या जपानीतल्या ‘रु’ आणि ‘रारु’ या प्रत्ययांकडेही हीच चार कामं होती, ती वारशाने आली. ओळखायचं कसं? क्रियापदाकडे नको, आजूबाजूच्या प्रत्ययांकडे बघा.

*शक्यता.* गोदान् क्रियापदांत प्रश्नच नाही. योमेरु म्हणजे वाचता येणे, योमारेरु म्हणजे उकेमि. इचिदान् आणि कुरु यांत मात्र दोन्ही रूपं एकच. वाताशि वा नात्तोऽ गा ताबेरारेरु यात खाणारा मीच आहे, ‘नि’वालं कुणी नाही, म्हणून शक्यता. नेको नि साकाना ओ ताबेरारेता यात ‘नि’वाली मांजर आहे, म्हणून उकेमि.

बोलण्यात शक्यतेच्या रूपातला ‘रा’ बऱ्याचदा गळतो: ताबेरेरु, मिरेरु, देरेरु. जपान सरकारच्या सांस्कृतिक व्यवहार खात्याच्या २०१५-१६ या वर्षाच्या भाषा-पाहणीत मिरेता आणि देरेरु वापरणारे पहिल्यांदाच मिरारेता, देरारेरु वापरणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. नवशिक्याला यात फायदाच आहे: ‘रा’ गळलेला ऐकू आला तर ते उकेमि नक्की नाही, कारण उकेमिमधला ‘रा’ गळत नाही. परीक्षेत आणि कार्यालयीन लेखनात मात्र पूर्ण रूपच लिहा.

*आदर.* शाचोऽ वा नान्जि नि कोरारेमासु का. (अध्यक्ष किती वाजता येणार आहेत?) इथे कुणाला उपद्रव झालेला नाही. जपानी कंपनीत काम करणाऱ्यांना हे रूप रोज ऐकू येतं आणि सुरुवातीला दचकायला होतं. खूण अशी की मानाची व्यक्ती ‘वा’ किंवा ‘गा’ घेऊन कर्त्याच्या जागी असते. सेन्सेइ गा योबारेता म्हणजे सरांनी बोलावलं (आदराने) किंवा सरांना कुणी बोलावलं, हे संदर्भाने ठरतं; सेन्सेइ नि योबारेता म्हणजे सरांनी मला बोलावलं. ‘नान्जि नि’मधला ‘नि’ वेळेचा आहे, त्याला फसू नका.

*आपोआप.* मुकाशि नो कोतो गा ओमोइदासारेरु, जुन्या गोष्टी आठवतात. आपल्या ‘मला वाटतं, आठवतं’सारखंच हे. लेखांत दिसणारी … तो ओमोवारेरु, … तो कान्गाएरारेरु ही रूपंही याच्या जवळची; मत सौम्य करून मांडायला वापरतात. एन४ ला ओळखता आली तरी पुरे.

८. उकेमि टाळायचं कुठे

दुसऱ्याने माझं भलं केलं असेल तर उकेमि नाही, ‘ते मोराउ’ किंवा ‘ते कुरेरु’.

‘मित्राने मदत केली’ म्हणजे तोमोदाचि नि तेत्सुदात्ते मोरात्ता. ‘तेत्सुदावारेता’ म्हटलं तर मदत नकोशी होती असं ऐकू येतं. या जोड्या पाहा:

- सेन्सेइ नि साकुबुन् ओ नाओशिते मोरात्ता: सरांनी निबंध तपासून सुधारून दिला, मी आभारी.
- सेन्सेइ नि साकुबुन् ओ नाओसारेता: सरांनी निबंधात चुका काढल्या, मला लागलं.
- शाशिन् ओ तोत्ते मोरात्ता: माझा फोटो काढून दिला.
- शाशिन् ओ तोरारेता: न विचारता माझा फोटो काढला.

प्रत्यय तेच, प्रसंगही तेच असू शकतात. बदलते ती बोलणाऱ्याची भावना. पण यावरून ‘उकेमि म्हणजे तक्रार’ असा नियम करू नका. होमेरारेरु, आइसारेरु, शोऽताइ सारेरु (आमंत्रण मिळणे), सासोवारेरु (चल म्हणून विचारलं जाणे) ही रूपं चांगल्या अर्थाने रोज वापरली जातात. क्रियापदाच्या अर्थातच चांगुलपणा असला तर सरळ उकेमि बिनधास्त वापरा.

काही क्रियापदांच्या पोटातच ‘मिळणं’, ‘सापडणं’ आहे. त्यांना पुन्हा उकेमि लावायचं नाही: त्सुकामारु (पकडलं जाणे), मित्सुकारु (सापडणे), ओसोवारु (कुणाकडून शिकणे), आझुकारु (ठेव म्हणून स्वीकारणे). चोराला पोलिसांनी पकडलं: दोरोबोऽ गा केइसात्सु नि त्सुकामात्ता. ‘त्सुकामारारेता’ म्हणाल तर दोनदा उकेमि झाल्यासारखं होईल. यांच्या जोडीदार क्रियापदांचं, म्हणजे त्सुकामाएरु, मित्सुकेरु यांचं, उकेमि मात्र होतं. शब्दकोशातली सकर्मक-अकर्मकाची खूण इथेही बघा.

९. ‘सारेरु’चा चकवा

उकेमि जमलं की लगेच प्रयोजक उकेमि येतं, आणि त्याची आखूड रूपं साध्या उकेमिसारखी दिसतात.

मात्सु (थांबणे) → मातासेरारेरु → आखूड मातासारेरु. उताउ → उतावासारेरु. नोमु → नोमासारेरु. अर्थाला मराठीत नेमकी जागा आहे, ‘-यला लावलं’: काराओके दे उतावासारेता, काराओकेत मला गायला लावलं. ब्योऽइन् दे निजिकान् मातासारेता, दवाखान्यात दोन तास ताटकळत ठेवलं.

आता हानासारेरु, ओसारेरु, केसारेरु, दासारेरु यांच्याकडे पाहा. तीच शेपटी, पण ही साधी उकेमि आहेत, कारण मूळ क्रियापदच ‘सु’ने संपतं. ‘सु’वाल्या गोदान् क्रियापदांना प्रयोजक उकेमिचं आखूड रूप नसतं, लांबच घ्यावं लागतं: हानासासेरारेरु. इचिदान्, सुरु आणि कुरु यांनाही आखूड रूप नाही: ताबेसासेरारेरु, सासेरारेरु, कोसासेरारेरु. जीभ अडखळते, इलाज नाही. हानासु, ओसु, केसु, दासु, कासु, कोवासु, नाओसु एवढी ‘सु’वाली क्रियापदं डोक्यात असली तर ऐकताना बहुतेक गोंधळ टळतो.

१०. सराव कसा करायचा

रूपांचे तक्ते भरणं दोन-तीन दिवसांत थांबवा. त्यानंतर रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण ती वाक्यांवर घालवा.

दिवसभरात दुसऱ्या कुणी केलेल्या आणि तुमच्यापर्यंत पोचलेल्या पाच गोष्टी मराठीत लिहा. रिक्षावाला नाही म्हणाला, साहेबांनी काम दिलं, शेजाऱ्याने गाडी आडवी लावली, आईने जेवण वाढलं, कुणीतरी रस्ता विचारला. प्रत्येकीपुढे एक खूण करा: बरं वाटलं, त्रास झाला की दोन्ही नाही. बरं वाटलं तिथे मोराउ किंवा कुरेरु. त्रास झाला तिथे उकेमि. दोन्ही नाही आणि मी त्यात आहे, तरी उकेमि. मगच जपानी वाक्य लिहा. पाचांपैकी एकदोन जागी तुम्ही ‘गा’ने सुरुवात करून दुसऱ्या माणसाला पुढे आणलेलं असेल. तेवढी वाक्यं ‘मी’च्या बाजूने पुन्हा लिहा.

आठवड्यातून एकदा छोट्या जपानी बातमीत उकेमि रूपं अधोरेखित करा आणि प्रत्येकाला सहाव्या किंवा सातव्या पायरीतला कप्पा द्या. कप्पा ठरत नसेल तर वाक्यातले ‘नि’ मोजा आणि प्रत्येक ‘नि’ वेळेचा, जागेचा, ‘ला’चा की करणाऱ्याचा ते ठरवा.

जेएलपीटीच्या प्रश्नात माणसाला ‘नि’, वस्तूला ‘ओ’ आणि शेवटी चार पर्याय दिसले की आधी ‘क्रिया कुणी केली’ हे मराठीत मनात म्हणा. ‘नि’वाल्याने केली तर उकेमि किंवा मोराउ, मी केली तर साधं रूप. त्या दोघांतून निवडताना पुढचा शब्द बघा: कोमात्ता, इयादात्ता असेल तर उकेमि, उरेशिकात्ता, तासुकात्ता असेल तर मोराउ. श्रवणाच्या भागात आणखी सावध राहा, कारण तिथे इवारेता आणि इत्ता यांत जेमतेम एका श्वासाचा फरक असतो आणि चित्रातली दोन माणसं मात्र अदलाबदल होतात.